मंडळीतील लहान गट : गैरहजेरीची दखल घेणारी सेवा

रविवारच्या उपासनेखेरीज आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी आठ-दहा जणांनी जमावे, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचून त्यावर बोलावे, एकमेकांसाठी प्रार्थना करावी आणि दीड-दोन तासांनी आपापल्या घरी जावे, एवढीच ही व्यवस्था आहे. तिला कोठे सेल ग्रुप म्हणतात, कोठे केअर ग्रुप किंवा होम ग्रुप, आणि जुने सभासद अजूनही तिचा उल्लेख घरगुती प्रार्थनासभा असाच करतात. मंडळी (म्हणजे स्थानिक चर्च) आपल्या सभासदांसाठी जे जे चालवते, म्हणजे उपासना, संडे स्कूल, तरुण संघ, महिला संघ, वार्षिक मेळावे, त्यांत ही सेवा सर्वांत कमी खर्चाची आहे. तिला इमारत लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही आणि पगारी माणूसही लागत नाही. त्याचबरोबर तिच्या दर्जात जितकी तफावत आढळते तितकी मंडळीच्या दुसऱ्या कोणत्याही कामात आढळत नाही. एकाच मंडळीतील दोन गटांपैकी एकात माणूस सावरतो आणि दुसऱ्यात कंटाळून काही महिन्यांत यायचा थांबतो. वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांतील अशा गटांत मी सभासद म्हणून बसले आहे, काही काळ एक गट चालवलाही आहे, आणि त्या आधारावर या सेवेकडून काय अपेक्षा ठेवावी व काय ठेवू नये, हे येथे मांडत आहे.

गटात सामील व्हा असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा साधारणपणे तीन गोष्टींचे आश्वासन दिलेले असते : वचनाचे, म्हणजे पवित्र शास्त्राचे, ज्ञान वाढेल, जिवाभावाची माणसे मिळतील आणि अडचणीत कोणीतरी धावून येईल. यांपैकी पहिल्या आश्वासनाची पूर्तता बहुतेक ठिकाणी बेताचीच होते. दुसरे आपल्या वाट्याला कोणती माणसे येतात यावर अवलंबून राहते. तिसरे मात्र, जेथे गट खरोखर चालतो तेथे, मंडळीच्या दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेला जमणार नाही इतक्या चोखपणे पाळले जाते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. दोनशे माणसांच्या उपासनेत एखादा सभासद ओळीने तीन रविवार आला नाही तरी ते कोणाच्या ध्यानात येईलच असे नाही. दहा जणांच्या खोलीत तो एकदा आला नाही तरी सर्वांना दिसते. या सेवेचा सारा कस तेथेच लागतो. गैरहजेरी दिसल्यानंतर गट काय करतो, यावर त्याची बाकीची गुणवत्ता ठरते, असे माझे मत झाले आहे.

लहान गट म्हणजे पहिल्या शतकातील मंडळीकडे परत जाणे, हा दावा वारंवार केला जातो आणि तो थोडा तपासून घेण्याजोगा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात विश्वासणारे मंदिरात जमत आणि घरोघरी भाकर मोडत, असे वर्णन आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, आणि फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रातही त्याच्या घरातील मंडळीचा उल्लेख येतो. सीरियातील ड्युरा युरोपोस येथे १९३०च्या दशकात झालेल्या उत्खननात तिसऱ्या शतकातील असे एक घर सापडले, ज्यात दोन खोल्यांमधील भिंत पाडून सभेसाठी मोठी जागा केलेली होती आणि बाप्तिस्म्यासाठी चित्रे रंगवलेली स्वतंत्र खोली होती. पण ही घरे मोठ्या मंडळीची शाखा नव्हती. त्या लोकांची सारी मंडळीच तेथे होती. शिवाय घर म्हणजे त्या काळी मालक, नोकर, दास, नातलग असा सगळा मेळ असे, आणि त्यांना एका ठिकाणी बसवणे सोपे नव्हते. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनासाठी जमल्यावर कोणी भुकेला राहत असे तर कोणी मद्याने झिंगत असे, अशी पौलाची तक्रार करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. तेव्हा आपल्याच वयाच्या, आपल्याच शिक्षणाच्या आणि आपल्याच विचारांच्या आठ जणांनी आरामखुर्च्यांत बसून केलेल्या अभ्यासाला आद्य मंडळीचे पुनरुज्जीवन म्हणणे जरा अतिशयोक्तीचे होते. (सभा लांबवण्याच्या बाबतीत मात्र आपण परंपरेला धरून आहोत. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. प्रत्येक गटप्रमुखाने ही हकीकत अधूनमधून वाचावी.)

आज ज्या स्वरूपात ही सेवा मिळते तिची मुळे त्या मानाने अलीकडची आहेत. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे फिलिप याकोब श्पेनर या लुथरन पाळकाने (धर्मगुरूने) १६७० साली आपल्या घरी उपासनेव्यतिरिक्त वाचन, चर्चा व प्रार्थना यांसाठी लोकांना जमवायला सुरुवात केली, आणि त्यातून वैयक्तिक भक्तीवर भर देणाऱ्या पाएटिस्ट चळवळीचा घरगुती सभांचा प्रघात पडला. अशा सभांत किती ताकद असते हे विरोधकांनी आधीच ओळखले होते : इंग्लंडमध्ये १६६४च्या कायद्याने अधिकृत चर्चच्या पद्धतीबाहेरील उपासनेसाठी घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी जमणे हा गुन्हा ठरवला होता. प्रवचने ऐकणाऱ्या मोठ्या जमावापेक्षा दिवाणखान्यात बसून आपापसांत बोलणारी पाच-सात माणसे राज्यकर्त्यांना अधिक धोक्याची वाटावीत, ही गोष्ट या सेवेच्या जाहिरातीत वापरली जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण या सेवेचे मर्म कळण्यासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १७४२ साली घडलेली हकीकत सर्वांत उपयोगाची आहे, आणि तिच्यात भक्तिभावापेक्षा हिशेबाचा भाग जास्त आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी बांधलेल्या सभागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप आल्यावर त्याने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्यांना देता येईल ते देतील, ज्यांना येणार नाही त्यांची भर मी घालीन. इतरांनीही तसेच करायचे ठरवले आणि सभासदांची बारा-बारा जणांची वाटणी झाली. वर्गणीसाठी दर आठवड्याला दारोदार जाणाऱ्या या पुढाऱ्यांना मग काही वेगळेच दिसू लागले : कोणी आजारी होता, कोणाच्या घरात भांडण होते, कोणाचे दारूचे व्यसन पुन्हा उसळले होते. ज्या गोष्टी व्यासपीठावरून कधीच दिसल्या नसत्या, त्या पेनी मागायला उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिसल्या. आपल्याला इतके दिवस जे हवे होते ते हेच, हे वेस्लीने लगेच ताडले, आणि कर्जफेडीची व्यवस्था आत्म्याच्या काळजीची व्यवस्था बनली. पुढे घरोघर फिरणे अवघड जाऊ लागले म्हणून सारे जण एका ठिकाणी जमू लागले आणि त्यातून मेथडिस्टांचे प्रसिद्ध 'क्लास' आकाराला आले. सभासदत्वाचे तिकीट दर तीन महिन्यांनी नव्याने मिळत असे, आणि त्यामुळे कोण येत नाही, का येत नाही, हे विचारणे हा व्यवस्थेचाच भाग झाला.

मी हे इतक्या विस्ताराने सांगते आहे, कारण आजच्या बहुतेक गटांनी या हकीकतीतील सभा उचलली आणि उंबरठा सोडून दिला. गट ठरल्या वेळी जमतो, जे आले त्यांच्यासह चालतो आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठी एक छोटी प्रार्थना करून संपतो. "ते आज दिसले नाहीत" हे वाक्य मी बऱ्याच बैठकांत ऐकले आहे. "मी उद्या त्यांच्याकडे जाऊन येते" हे वाक्य फार थोड्या बैठकांत. जेथे हे दुसरे वाक्य उच्चारले जाते तेथे अभ्यास सुमार असला, गाणे बेसूर झाले, बसायला जागा अपुरी पडली, तरी माणसे टिकतात.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे वळते. सुरुवातीच्या गाण्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही; एखादा वादक असेल तर बरे, नसेल तरी काही बिघडत नाही. अभ्यासाचा भाग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण अर्ध्याहून अधिक वेळ त्यावर जातो. त्याचे सर्वसाधारण तीन प्रकार मला आढळले. एकात गटप्रमुख स्वतःच दुसरे प्रवचन देतो आणि शेवटी काही प्रश्न आहेत का असे विचारतो, ते नसतात. दुसऱ्यात छापील पुस्तिकेतील रिकाम्या जागा भरायच्या असतात, आणि त्या भरताना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'विश्वास ठेवावा' किंवा 'प्रार्थना करावी' असेच येणार, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. तिसऱ्यात उतारा वाचून प्रत्येकाला विचारले जाते की यातून तुम्हाला काय वाटले, आणि मग जो तो आपापला अनुभव सांगू लागतो; उतारा काय म्हणतो याकडे परत कोणी वळत नाही. पहिल्या दोन प्रकारांत माणसे गप्प राहतात आणि तिसऱ्यात वचन गप्प राहते.

यापेक्षा पुष्कळ चांगला अभ्यास होऊ शकतो, आणि त्यासाठी गटप्रमुख विद्वान असण्याची गरज नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे सांगितले आहे आणि अवघ्या तीन वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार स्वतःच वाहावा असेही सांगितले आहे. एका गटात ही दोन वाक्ये शेजारी ठेवून, मग नेमके कोणाचे काय कोणी वाहायचे, एवढाच प्रश्न विचारला गेला होता. त्या संध्याकाळी वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा, भावाने काढलेले कर्ज, मुलाच्या परीक्षेची चिंता असे विषय एकामागून एक निघाले आणि प्रत्येक वेळी लोक पुन्हा उताऱ्याकडे गेले, कारण उत्तर तेथेच शोधावे लागणार होते. कोणी कोणाला उपदेश केला नाही. रविवारच्या प्रवचनाचाच उतारा गटात पुन्हा घेण्याची पद्धत काही मंडळ्यांत आहे, आणि नव्या गटासाठी मी तीच सुचवीन : तयारीचा भार हलका होतो, चुकीच्या अर्थाची शक्यता कमी होते आणि मंडळीतील सारे गट एकाच वाटेवर राहतात. गटप्रमुखाने प्रश्न विचारून झाल्यावर थोडा वेळ शांत राहायला मात्र शिकले पाहिजे. ती शांतता त्याला असह्य होते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. संकोची सभासद नेमका तेव्हाच तोंड उघडणार असतो.

प्रार्थनेचा भाग हा या सेवेचा सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत जोखमीचा भाग आहे. मोठ्या उपासनेत आजारी, शोकग्रस्त व प्रवासी यांच्यासाठी सर्वसाधारण विनंती केली जाते. गटात नाव घेऊन, कारण सांगून, त्या व्यक्तीच्या समोर प्रार्थना होते, आणि पुढच्या आठवड्यात काय झाले हे विचारले जाते. आपल्यासाठी दुसरा माणूस मोठ्याने देवाशी बोलत आहे, हे ऐकण्याचा परिणाम काय होतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. पण प्रार्थनेच्या विनंत्यांच्या आडून दुसऱ्याच्या घरच्या बातम्या किती सहज फिरतात, हेही ज्याने गट पाहिला आहे त्याला माहीत असते. "त्यांच्या संसारासाठी विशेष प्रार्थना करू या" एवढे एक वाक्य पुरते. बाकीचे लोक तर्काने जाणतात. मोबाइलवरील गटामुळे ही जोखीम वाढली आहे, कारण खोलीत बोललेले विरून जाते, लिहिलेले पुढे पाठवता येते. म्हणून चांगल्या गटात दोन नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेले असावेत : विनंती शक्यतो स्वतःबद्दल करावी, आणि येथे ऐकलेले येथेच राहील. या दुसऱ्या नियमाला एक अपवादही त्याच वेळी सांगायला हवा. लहान मुलाला किंवा कोणालाही इजा होत असेल, किंवा कोणी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असेल, तर गुप्ततेचे वचन लागू होत नाही आणि गटप्रमुखाने योग्य त्या यंत्रणेपर्यंत ते पोचवलेच पाहिजे. बऱ्याच गटांत यांपैकी काहीच सांगितले जात नाही. सारे काही परस्पर विश्वासावर सोडलेले असते, आणि तो विश्वास एकदा तडकला की गट उरत नाही.

गट किती मोठा असावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, पण त्यावर बरेच काही ठरते. निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करताना पाहतो आणि हजार, शंभर, पन्नास व दहा यांवर नायक नेमायला सांगतो. तू आणि हे लोक दोघेही थकून जाल, असे तो बजावतो. यातील 'हे लोकही' हा भाग पाळकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. साधा हिशेब केला तरी दिसते की सहा माणसांत पंधरा जोड्या होतात, बारा माणसांत सहासष्ट आणि दीडशे माणसांत ११,१७५. इतक्या नात्यांची निगा एक पाळक राखू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. बारा जणांनी प्रत्येकी पाच मिनिटे बोलायचे म्हटले तरी एक तास जातो, त्यामुळे त्यापुढे गट वाढला की ठरावीक चार जणच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. चारांच्या खाली गेला तर दोघे आजारी पडताच बैठक रद्द होते.

जवळीक मात्र संख्येने आपोआप येत नाही. मेथडिस्टांकडे क्लासखेरीज 'बँड' नावाचे आणखी लहान गट असत; त्यांत स्त्रिया व पुरुष वेगळे, विवाहित व अविवाहित वेगळे बसत, आणि १७३८ साली ठरवलेल्या नियमांप्रमाणे मागच्या भेटीपासून आपल्या हातून कोणते पाप घडले, कोणते मोह आले, हे प्रत्येकाने सांगायचे असे. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पातके कबूल करावीत असे जे म्हटले आहे, ते अक्षरशः अमलात आणण्याचा तो प्रयत्न होता. आज काही मंडळ्या तीन-चार जणांचे असे गट पुन्हा सुरू करत आहेत. ज्यांना व्यसनाशी किंवा दीर्घकाळच्या एखाद्या सवयीशी झगडायचे आहे त्यांना त्यांचा फार उपयोग होतो, पण ते सर्वांसाठी सक्तीचे करणे मला धोक्याचे वाटते. बारा जणांच्या मिश्र गटात, ओळख होऊन महिनाही झाला नसताना, मन मोकळे करा असा आग्रह धरणारे गटप्रमुख मी पाहिले आहेत. त्यातून मोकळेपणा येत नाही. लोक सांगण्याजोगी एखादी सौम्य चूक शोधून आणतात आणि तीच कबूल करतात.

गटाची रचना कशी असावी याबाबत मंडळ्यांत दोन तट आहेत. समवयस्कांचे गट लवकर जमतात, कारण नवविवाहितांचे प्रश्न नवविवाहितांना समजतात आणि निवृत्तांना निवृत्तांची वेळ सोयीची पडते. सर्व वयांचे मिश्र गट पहिले काही महिने अवघडलेले असतात. तरीही निवड करायची झाल्यास मी मिश्र गटच निवडीन. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, रात्रपाळीला जाणारे आणि मुले नसलेली जोडपी समवयस्कांच्या मांडणीत हमखास बाहेर पडतात. त्यांच्यासाठी वेगळा गट काढला की उरलेल्यांना त्यांची आठवण राहत नाही. शिवाय आजारपणात रुग्णालयात थांबायला, मुलांकडे पाहायला, कागदपत्रांच्या कामाला निरनिराळ्या वयाची आणि निरनिराळ्या मोकळ्या वेळेची माणसे लागतात. लहान मुलांचे आईबाप एकमेकांचे दुःख उत्तम जाणतात, पण रात्री अकराला त्यांच्यापैकी घराबाहेर पडू शकेल असा कोणीच नसतो.

गट वाढला की त्याचे दोन करायचे, ही कल्पना दक्षिण कोरियातील सोल येथील योईदो फुल गॉस्पेल चर्चमुळे जगभर पसरली. १९५८ साली तंबूत सुरू झालेल्या त्या मंडळीचे पाळक योंगी चो १९६४ साली अतिश्रमाने कोसळले, आणि त्यानंतर त्यांनी घरोघरच्या गटांची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रियांवर सोपवली. स्त्रियांनी नेतृत्व करणे त्या समाजाला रुचणारे नव्हते, तरी गट फोफावले आणि पुढे मंडळीची सभासदसंख्या लाखांत गेली. या पद्धतीचे श्रेय द्यायलाच हवे, पण ती उसनी घेणाऱ्या मंडळ्यांनी दोन गोष्टी दुर्लक्षिल्या आहेत. पहिली म्हणजे गटाचे विभाजन सभासदांना वाढीसारखे वाटत नाही. दोन वर्षांत जुळलेली मैत्री वेळापत्रकानुसार तोडली जाते, आणि असे दोनदा झाले की माणूस पुन्हा जीव लावायला तयार होत नाही. दुसरी म्हणजे तळातील गट एकमेकांवर कितीही प्रेमाने लक्ष ठेवत असले तरी शिखरावर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. चो यांना २०१४ साली मंडळीच्या पैशाबाबतच्या गैरव्यवहारात न्यायालयाने दोषी ठरवले, तेव्हा त्या मंडळीत गटांची काही उणीव नव्हती.

काळजी आणि ताबा यांतील रेषा लहान गटात किती पुसट होऊ शकते, याचे उदाहरण १९७०च्या दशकात अमेरिकेत मिळाले. फ्लोरिडातील पाच शिक्षकांभोवती उभ्या राहिलेल्या 'शेफर्डिंग' चळवळीत प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका 'मेंढपाळा'च्या अधीन राहायचे होते, आणि नोकरी, लग्न, पैसा अशा निर्णयांतही त्याचा कौल घेतला जाऊ लागला. १९९०च्या सुमारास त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी याबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. याच्या उलट टोकाचा दोष समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी दाखवला आहे. अमेरिकेतील सुमारे ४० टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या लहान गटात जातात, असे त्यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, पण त्यांपैकी काही गटांत लोक इतरांच्या संगतीत बसून स्वतःकडेच पाहत असतात, असेही त्यांनी नोंदवले. मला प्रत्यक्षात या दुसऱ्या दोषाची उदाहरणे जास्त दिसली. तेथे कोणी कोणावर हुकमत गाजवत नाही, कोणी कोणाला काही विचारतही नाही. प्रत्येक जण आपली पाळी आली की बोलतो आणि उरलेला वेळ सौजन्याने मान हलवतो.

ऑनलाइन गटांबद्दल थोडक्यात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, तान्ह्या बाळांच्या आयांसाठी आणि दूरदेशी एकट्याने राहणाऱ्यांसाठी ते वरदान आहेत, आणि अभ्यास तर कित्येकदा प्रत्यक्ष बैठकीपेक्षा नेटका होतो, कारण एका वेळी एकालाच बोलता येते. पण कॅमेरा बंद करून हजेरी लावणारा सभासद हजर आहे की नाही हे कळत नाही, म्हणजे ही सेवा जे सर्वांत चांगले करते तेच येथे निसटते. ज्या ऑनलाइन गटात बैठकीव्यतिरिक्त आठवड्यात एकदा तरी दोघा-दोघांनी फोनवर बोलण्याची प्रथा आहे, तो गट अपवाद मानावा.

गटप्रमुखांच्या बाबतीत मंडळ्या फारच हात आखडता घेतात. उत्साही माणूस दिसला की त्याच्या हाती गट सोपवला जातो, आणि पुढे तो कसा आहे, त्याच्या घरी काय चालले आहे, हे कोणी विचारत नाही. दर महिन्याला गटप्रमुखांना एकत्र बसवून त्यांचे ऐकून घेणारा पाळक किंवा मंडळीचा ज्येष्ठ पुढारी ज्या मंडळीत आहे, तेथील गटांचा दर्जा लगेच ओळखू येतो. प्रमुखपदाला मुदत असावी, दोघांनी मिळून गट चालवावा आणि वर्षातून काही आठवडे गटाला सुटी असावी. या तिन्ही गोष्टींना खर्च नाही, तरी त्या क्वचितच पाळल्या जातात.

ज्याला केवळ पवित्र शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करायचा आहे त्याने लहान गटाऐवजी वर्ग शोधावा. तेथे शिक्षक असतो, क्रम असतो आणि प्रश्नांना जाणकार उत्तर मिळते. नव्या गावी आलेला, नुकताच विश्वासात आलेला, शोकातून जाणारा किंवा मंडळीत वर्षानुवर्षे येऊनही कोणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस, यांना मात्र मी गटाची निःसंशय शिफारस करीन, आणि पहिल्या दोन-तीन बैठकांवरून मत बनवू नये असेही सांगेन, कारण तोपर्यंत सगळेच जण जरा सावरून बसलेले असतात. सामील होण्यापूर्वी गटप्रमुखाला एक प्रश्न जरूर विचारावा : गेल्या वर्षभरात जे येथून निघून गेले, त्यांच्यापैकी कोणाशी अजून बोलणे आहे? त्याने नावे सांगितली, अमका दुसऱ्या मंडळीत जातो, अमकीची बदली झाली, एकाचे आमच्याशी बिनसले पण मागच्याच महिन्यात मी त्याला भेटून आलो, असे काही ऐकायला मिळाले, तर पुढच्या आठवड्यापासून जायला हरकत नाही. "ते विश्वासात थंड पडले" एवढेच उत्तर आले, तर दुसऱ्या गटाची चौकशी करावी.